आधी मुलीचा कॅरिओटाइप, मग पोटातल्या बाळाची तपासणी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. तुम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. पत्नी २७ वर्षांची, तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी. पहिली मुलगी अडीच वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे हे जन्मानंतर डॉक्टरांनी चेहरा आणि तळहात बघून सांगितलं, रक्ताची तपासणी झाली नाही. आता पत्नीला पुन्हा दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. तुमच्या आई म्हणतात, मागच्या खेपेला ग्रहणात हिनं विळी हातात घेतली. चुलते म्हणतात, नात्यातलं लग्न भोवलं. थोरल्या मेव्हणीचं तीन वेळा आपोआप खाली झालं, म्हणून 'त्यांच्या घराण्यातच काहीतरी आहे' असंही घरात बोललं जातं. आणि तुम्ही विचारताय की डबल मार्कर करू, ती महागातली रक्ताची टेस्ट करू, की थेट पोटातलं पाणी काढून तपासू.

तुम्ही तीन तपासण्यांमधली एक निवडून मागताय. माझ्या मते या तिन्हींच्या आधीची एक तपासणी राहून गेलीय, आणि ती पोटातल्या बाळाची नाही, अडीच वर्षांच्या मुलीची आहे. तिच्या रक्ताचा कॅरिओटाइप. म्हणजे तिच्या पेशीतली गुणसूत्रं मोजून, जोड्या लावून काढलेला अहवाल. तो हातात आल्याशिवाय 'पुन्हा होईल का' या प्रश्नाचं उत्तर मीच काय, कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. कारण चेहऱ्यावरून डाउन सिंड्रोम ओळखता येतो, पण तो कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखता येत नाही. डाउनचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांतली मुलं दिसायला बहुधा सारखीच असतात. पुढच्या बाळाचा धोका मात्र प्रकाराप्रमाणे शंभरात एकपासून शंभरात शंभरपर्यंत बदलतो.

हे कसं, ते सांगते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना या जोड्यांची वाटणी होते. प्रत्येक जोडीतलं एकच पुढं जायचं, म्हणून बीजात २३. दोन्हीकडचे २३ एकत्र आले की पुन्हा ४६. कधीतरी या वाटणीत एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही एकाच वाट्याला जातात. त्या बीजात २४ होतात, समोरचे २३ मिळून बाळाच्या पहिल्याच पेशीत ४७. अशी न सुटलेली जोडी २१ क्रमांकाची असेल तर डाउन सिंड्रोम होतो. डाउनच्या शंभरातल्या सुमारे ९५ मुलांत हेच घडलेलं असतं. यात आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रं व्यवस्थित ४६ असतात. चूक झाली ती त्या एका बीजाच्या वाटणीत. अहवालावर मुलीसाठी '४७, एक्सएक्स, +२१' असं लिहून येतं. तसं आलं, तर तुमच्या पत्नीच्या वयाला पुढच्या बाळाला हाच त्रास असण्याची शक्यता साधारण शंभरात एक धरतात. याच वयाच्या, आधी असं बाळ न झालेल्या बाईला ती हजारात एकाच्या आसपास असते. म्हणजे वाढलेली आहे, पण शंभरातल्या ९९ वेळा तसं होणार नाही.

दुसरा प्रकार शंभरात तीन-चार मुलांत सापडतो, आणि मला तुमच्या बाबतीत त्याचीच काळजी वाटते. यात जादा २१ क्रमांकाचं गुणसूत्र मोकळं नसतं, दुसऱ्या एखाद्याला, बऱ्याचदा १४ क्रमांकाच्या गुणसूत्राला, चिकटलेलं असतं. मोजले तर बाळाचे ४६च भरतात. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. काही वेळा हे बाळातच नव्यानं घडलेलं असतं. काही वेळा मात्र आई किंवा वडील यांच्यात ते चिकटलेलं गुणसूत्र आधीपासून असतं. त्यांचे मोजून ४५ भरतात आणि तरी ते ठणठणीत असतात.

४५ असून ठणठणीत कसे, असं सगळेच विचारतात. जमिनीचं बघा. दोन सर्व्हे नंबर होते, ते कधीकाळी एकत्र होऊन एकच उतारा झाला. कागदावर नंबर एक कमी दिसतो, पण जमीन तेवढीच आहे, पीक तेवढंच येतं. कसणाऱ्याला काही फरक पडत नाही. घोळ होतो तो पुढच्या पिढीत वाटणीला बसल्यावर. एकाला जोड तुकडा आणि वर सुटा तुकडाही जातो, दुसऱ्याला काहीच उरत नाही. तसंच इथं. अशा आईकडून किंवा वडिलांकडून काही बाळं अगदी नेहमीसारखी होतात, काही त्यांच्यासारखीच ४५ घेऊन ठणठणीत जन्मतात, काहींना डाउन सिंड्रोम होतो, आणि बरेच गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडून जातात. १४ आणि २१ ची जोड आईत असेल तर पुढच्या बाळाला डाउन असण्याची शक्यता शंभरात १० ते १५, वडिलांत असेल तर एक-दोन किंवा त्याहून कमी. आणि अगदी क्वचित २१ ला २१च चिकटलेलं असतं. तसं आईवडिलांपैकी कुणात असेल, तर जन्माला येणारं प्रत्येक बाळ डाउनचंच असतं. तिसरा प्रकार मोझेकचा, शंभरात एक-दोन. काही पेशींत ४६, काहींत ४७. त्यात पुढच्या बाळाचा धोका पहिल्या प्रकारासारखाच, फार नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मेव्हणीचं तीन वेळा खाली झालं. गर्भपात ही फार सर्रास होणारी गोष्ट आहे. लवकर होणाऱ्या गर्भपातांतले निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या वाटणीतल्या चुकीमुळेच होतात, आणि त्यात नवराबायकोत काहीही खोट नसते. एक किंवा दोन झाले असते तर मी त्याला फार महत्त्व दिलं नसतं. पण एका बहिणीचे तीन गर्भपात आणि दुसऱ्या बहिणीला डाउनचं बाळ, तेही २७ च्या आत, हे एकाच घरात आलं की माझा हात आपोआप कॅरिओटाइपच्या फॉर्मकडे जातो. यावरून ट्रान्सलोकेशन आहेच असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तपासल्यावर साधीच ट्रायसोमी, म्हणजे मोकळं जादा गुणसूत्र असलेला पहिला प्रकार, निघते आणि मेव्हणीचं कारण वेगळं असतं. पण न तपासता सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

हे मी इतकं आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत निपाणीकडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. आई जेमतेम २३ ची. बाळ बघितलं, निदान स्पष्ट होतं. तेव्हा रक्त पुण्यामुंबईला पाठवायला लागायचं, खर्च त्यांना झेपणारा नव्हता, आणि मीच म्हटलं की चेहऱ्यावरून कळतंय, आई तरुण आहे, पुन्हा होण्याची शक्यता नगण्य. तीन वर्षांनी ते दुसरं बाळ घेऊन आले. त्यालाही डाउन. तेव्हा सगळ्यांचे कॅरिओटाइप केले. दोन्ही मुलांत १४-२१ ची जोड, आणि आईत ४५. त्या बाईनं मला एकच विचारलं, "हे तवाच कळलं असतं काय?" कळलं असतं. त्या दिवसापासून माझ्याकडे आलेलं डाउनचं एकही बाळ कॅरिओटाइपशिवाय मी सोडलेलं नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल. चुलते ज्या अर्थानं म्हणतात त्या अर्थानं ते बरोबर नाही. आपल्या भागात मामाची मुलगी करणं जुनंच आहे, आणि अशा लग्नांत काही आजार वाढतात हे खरं. थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार, शरीरातल्या रासायनिक प्रक्रिया बिघडवणारे काही आजार. कारण दोघांत एकाच पूर्वजाकडून आलेलं एकच सदोष जनुक असू शकतं, आणि बाळाला ते दोन्हीकडून मिळतं. डाउन सिंड्रोमची गोष्ट वेगळी आहे. त्यात जनुक खराब नसतं, गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ती वाटणीतली चूक नात्यातल्या लग्नानं होत नाही, परक्यात लग्न केल्यानं टळतही नाही.

फक्त एक बारकावा तुमच्या घरापुरता. तुमच्या आई आणि तुमचे सासरे सख्खे बहीणभाऊ. ट्रान्सलोकेशन निघालंच आणि ते त्या घराण्यातून आलेलं असलं, तर ते जसं तुमच्या पत्नीत असू शकतं तसं तुमच्यातही असू शकतं, आईच्या बाजूनं. म्हणून तशी वेळ आली तर तपासणी दोघांचीही करायची. 'त्यांचं घराणं' म्हणून जे बोट दाखवलं जातंय, ते घराणं तुमच्या आईचं माहेर आहे. हे त्यांना ऐकवायला सांगत नाही. ज्येष्ठ माणूस आहेत, नातीच्या काळजीनंच बोलत असतील. पण तुम्ही स्वतः हे मनात पक्कं धरा, म्हणजे घरात विषय निघाला की पत्नीच्या बाजूनं उभं राहता येईल.

ग्रहणाबद्दलही स्पष्ट बोलते, कारण या एका समजुतीपायी मी बायकांना वर्षानुवर्षं स्वतःला खाताना बघितलंय. बाळात ४७ गुणसूत्रं असतात ती गर्भ राहतो त्या क्षणापासून. पहिल्याच पेशीत. ग्रहण तिसऱ्या महिन्यात लागलं की पाचव्या, तोवर ती मोजणी केव्हाच होऊन गेलेली असते. विळी, सुई, कुलूप, पपई, प्रवास, कशानंही ४६ चे ४७ होत नाहीत. दहातल्या नऊ वेळा जादा गुणसूत्र आईच्या बीजातून येतं हे खरं, पण त्याचं कारणही समजून घ्या. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजं तयार व्हायला लागतात आणि वाटणीच्या मध्यावर थांबतात. पुढे २०, ३०, ४० वर्षांनी ते बीज सुटतं तेव्हा थांबलेली वाटणी पुढं सरकते. इतकी वर्षं जोडी धरून ठेवणारी पकड सैल होत जाते, म्हणून वयाबरोबर चुका वाढतात. तिशीत साधारण ९०० ला एक, पस्तिशीत ३५० ला एक, चाळिशीत १०० ला एक. यात कुठल्याही बाईनं काही केलेलं नसतं. आणि वय कमी म्हणजे धोका नाहीच, असंही नाही. आपल्याकडे बाळंतपणं पंचविशीच्या आसपास जास्त होतात, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या डाउनच्या बहुतेक मुलांच्या आया तरुणच असतात.

आईला जबाबदार धरणं फक्त आपल्याच गावात झालं असं समजू नका. लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं तेव्हा आईवडिलांच्या क्षयरोगाकडे बोट दाखवलं होतं. माणसात गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत हे कळायलाच १९५६ साल उजाडलं, आणि या मुलांत २१ क्रमांकाचं एक जादा असतं हे पॅरिसमध्ये १९५९ साली लेजेन, गोतिए आणि तुर्पिन यांनी दाखवलं. त्याआधीची ९३ वर्षं देशोदेशीच्या आया आपलं काय चुकलं हेच शोधत बसल्या. तुमच्या पत्नीनं त्यात बसायचं कारण उरलेलं नाही.

आता कामाचं. मुलीचं रक्त येत्या सोमवार ते बुधवारमध्ये द्या. शनिवारी नको, रविवारी कुरिअर पडून राहतं. कॅरिओटाइपला पेशी जिवंत लागतात. प्रयोगशाळेत त्या साधारण ७२ तास वाढवतात, विभागणीच्या मधोमध थांबवतात, रंगवतात आणि मग मोजतात. म्हणून रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपरिनच्या नळीत घ्यायचं. जांभळ्या टोपणाची नळी नेहमीच्या रक्ततपासणीची. गडबडीत तिच्यात घेतलं गेलं की नमुना बहुधा फुकट जातो आणि तुमचे दोन आठवडे जातात. तुम्हाला आत्ता आठवडे महत्त्वाचे आहेत, म्हणून रक्त घेताना टोपणाचा रंग स्वतः बघा, विचारायला लाजू नका. नमुना बर्फात गोठवायचा नाही, उन्हात गाडीतही ठेवायचा नाही. अहवालाला दोन ते तीन आठवडे लागतात. आज नववा आठवडा, म्हणजे तो बाराव्यापर्यंत हातात येईल. अगदी वेळेवर.

तोवर पोटातल्या बाळाचं काहीच करायचं नाही का? करायचं. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली एनटी सोनोग्राफी चुकवू नका, अहवाल काहीही येवो. त्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात, शिवाय नाकाचं हाड, हृदयाचे ठोके, बाकीचे अवयव ढोबळ बघतात. हे मोजमाप मिलिमीटरच्या दशांशात असतं, त्यामुळे ज्यांचा हात त्यात बसलाय अशाच सोनोलॉजिस्टकडे जा, त्यासाठी बेळगावला एक फेरी पडली तरी चालेल.

डबल मार्कर ही याच सोनोग्राफीसोबत करायची रक्ततपासणी. दोन्ही मिळून डाउनची शंभरातली ८५ ते ९० बाळं ओळखतात, आणि ठीक असलेल्या शंभर बाळांपैकी पाचेकांना उगाच 'धोका जास्त' म्हणतात. हा आकडा तुमच्यावर बसवून बघू. समजा तुमच्यासारखी, शंभरात एक धोका असलेली हजार जोडपी आहेत. त्यांच्यात डाउनची बाळं दहा. टेस्ट नऊ पकडेल, एक सुटेल. शिवाय ठीक असलेल्यांपैकी पन्नासेक जणींनाही 'पॉझिटिव्ह' कळवेल. म्हणजे एकोणसाठ घरांत रडारड, आणि त्यातल्या नऊच घरांत खरं. म्हणून डबल मार्करचा कागद हातात धरून कुणी निर्णय घ्यायचा नसतो. हा कागद पुढची तपासणी लागेल की नाही एवढंच सांगतो.

तुम्ही म्हणताय ती महागातली रक्ताची टेस्ट म्हणजे एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे बारीक तुकडे असतात. त्यात २१ क्रमांकाचे तुकडे प्रमाणापेक्षा जास्त आहेत का, हे ती मोजते. दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाउनसाठी शंभरातली ९९ बाळं ती ओळखते आणि उगाच घाबरवणं फार कमी. तरीही ती चाळणीच आहे, निदान नव्हे. तुकडे वारेचे असतात, आणि क्वचित वारेत गडबड असून बाळ ठीक असतं. ती पॉझिटिव्ह आली तरी पाण्याची तपासणी करून खात्री करायचीच. कधी 'नमुन्यात बाळाचे तुकडे पुरेसे नाहीत' असंही उत्तर येतं, तेव्हा धीर सोडू नका.

निदान होतं ते दोनच मार्गांनी. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढून, किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बघत सुईनं गर्भजल काढून. दोन्हींत गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो. जुनी पुस्तकं गर्भजलासाठी २०० ला एक सांगत, अनुभवी हातात तो त्याहून कमी आहे. तुमच्या पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर या तपासणीनंतर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं, ते आधीच विचारून ठेवा. डाउनपुरतं झटपट उत्तर दोन-तीन दिवसांत मिळू शकतं, पूर्ण कॅरिओटाइपला पुन्हा दोन-तीन आठवडे.

मग तुम्ही काय करावं? मुलीच्या अहवालात '४७' ची साधी ट्रायसोमी आली, तर तुमच्या जागी कुणी असतं तर मी एनटी सोनोग्राफी आणि झेपत असेल तर एनआयपीटी सांगितली असती. झेपत नसेल तर एनटीसोबत डबल मार्कर, आणि त्यात शंका आली तर गर्भजल. शंभरात एक हा धोका काही जोडप्यांना चैन पडू देत नाही, त्यांना थेट गर्भजल तपासणंच बरं वाटतं. तेही चूक नाही, तो स्वभावाचा प्रश्न आहे. पण अहवालात '४६' सोबत १४-२१ ची जोड आली, तर मार्करमध्ये वेळ घालवू नका. लगेच तुम्हा दोघांचं रक्त द्या, आणि कुणात ती जोड सापडली तर सरळ वारेची किंवा गर्भजलाची तपासणी. तेव्हा मेव्हणीलाही कळवा. तीन वेळा का झालं याचं उत्तर त्या बिचारीला कदाचित पहिल्यांदाच मिळेल.

कायद्याबद्दल दोन गोष्टी. गर्भलिंग निदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यानं गुणसूत्रांच्या आजारासाठी तपासणीला परवानगी आहे, तुमच्या घरात आधीचं असं बाळ असल्यानं तुम्ही त्यात बसता. मुलगा की मुलगी हे मात्र कुणी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचंही नाही. या तपासणीआधी पत्नीची लेखी संमती लागते, ती तिला समजणाऱ्या भाषेत, आणि त्याची प्रत तिला मिळाली पाहिजे. आपल्याकडे फॉर्म कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय तिनं सही करू नये. हा तिचा कायदेशीर हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. दुसरं, गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. बाळात गंभीर दोषाची शक्यता असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत, आणि त्यापुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीनं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. सासूची, दिराची, नवऱ्याचीही सही कायद्यानं लागत नाही. गर्भ ठेवायचा की नाही हे मी कधीच सांगत नाही. माझ्याकडे सगळं कळूनही बाळ ठेवलेली जोडपी आहेत, त्यांना फक्त तयारीला वेळ हवा होता. न ठेवलेलीही आहेत. दोघांनाही मी सारख्याच मायेनं भेटते.

तुम्ही शेवटी विचारलंय की ४५ किंवा ४७ लिहून आलं की सगळं सारखंच का. नाही. कुठलं गुणसूत्र जादा किंवा कमी यावर सगळं आहे. १८ किंवा १३ क्रमांकाचं जादा असेल तर बाळ फार नाजूक असतं, बरेच गर्भ टिकत नाहीत आणि जन्मलेल्यांतली बहुतेक पहिल्या वर्षातच जातात. लैंगिक गुणसूत्रांचं, म्हणजे मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या एक्स आणि वायचं, तसं नाही. मुलीत एकच एक्स असणं, टर्नर सिंड्रोम, सुमारे २००० ते २५०० मुलींत एकीला. बुद्धी सहसा चांगली, उंची कमी, पाळी बहुधा आपोआप येत नाही. उंचीसाठी आणि पाळीसाठी उपचार आहेत, पण ते वेळेत सुरू व्हायला लागतात. मुलग्यात एक्स-एक्स-वाय, क्लाइनफेल्टर, ५०० ते १००० मुलग्यांत एकाला. त्यातल्या कित्येकांना ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच कळतं. लग्न जमवताना मुलीची उंची आणि पाळी यावरून कुजबुज करण्यापेक्षा बाराव्या-तेराव्या वर्षी एक तपासणी झाली तर त्या मुलीचं किती सोसणं वाचेल, हे मला नेहमी वाटत आलंय.

आणि आता तुमच्या मोठ्या मुलीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत येऊन गेली. डाउनच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, आणि तो कधी कधी स्टेथोस्कोपला कळत नाही. तिचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का? झाला नसेल तर कॅरिओटाइपच्या फेरीतच करून घ्या. थायरॉइड दरवर्षी. कान आणि डोळे तपासून घ्या. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि सगळे समजतात की पोरगीला कळतच नाही. अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. तिथून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. जन्माचा दाखला आणि पत्नीचं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड, सोबत ठेवा. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. ते केंद्राचं असल्यानं पुढे उपचाराला किंवा शाळेसाठी कोल्हापूरकडे जायची वेळ आली तरी चालतं.

बरेच पालक विचारतात, घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, मग तिच्याशी एकाच भाषेत बोलायचं का, दोन्हीनं गोंधळेल. माझ्या अनुभवात नाही गोंधळत. घरची मराठी थांबवू नका. तिच्याशी बोलणारी माणसं मराठीच बोलणार. वेळ लागेल, शब्दाआधी खुणा येतील, त्या खुणांना उत्तर द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत एक यळ्ळूरचा मुलगा आहे, आता बारा वर्षांचा. दुकानात कन्नडमध्ये मागतो आणि पैसे मराठीत मोजतो.

अहवाल आला की त्यावरची '४७' किंवा '४६' नं सुरू होणारी ओळ जशीच्या तशी इथं लिहा, नाव झाकून. आणि तपासणीला जाल तेव्हा पत्नीलाही खोलीत बसवा, प्रश्न तिलाच विचारू द्या. बाहेरच्या बाकावर तिला मुलीसोबत बसवून नवरा आणि चुलते आत येतात, तेव्हा अर्धी माहिती बाहेरच राहते.